आप्पांचा अंगठा

किसन आप्पा माझ्यासाठी रोज खिडकीची जागा धरून ठेवत, आणि मला त्यांचा रोज राग येई. शिरूरहून दौंडला जाणाऱ्या संध्याकाळच्या एसटीत लोक खिडकीसाठी भांडतात. पण खिडकीशी मी, शेजारी आप्पा आणि त्यांच्या मांडीवर भाजीची रिकामी पाटी, म्हणजे न्हावरे येईपर्यंत सुटका नाही.

मी बहिरा आहे. सातव्या वर्षी तापात कान गेले, त्यामुळे मराठी येते, समोरच्याचे ओठही थोडेफार वाचता येतात. माझी खरी बोली मात्र हातांची. आप्पा न्हावऱ्याचे माळी, शिरूरला भाजी विकून परतायचे. पहिल्यांदा भेटले तेव्हा स्टँडवर मी मित्राशी व्हिडिओ कॉलवर खुणांनी बोलत असताना त्यांनी मागून येऊन पाठीत अशी थाप मारली की हातातला मोबाईल खाली पडला. वळून बघतो तर पांढऱ्या झुपकेदार मिशांचे एक म्हातारे गृहस्थ मोठ्या आनंदाने मला खुणेनेच नाव विचारत होते. मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकले होते. त्यांची उजव्या हाताची तर्जनी कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलेली, त्यामुळे जिथे तर्जनी लागते तिथे अंगठा लावत. माझ्या भाषेत ते बोबडे होते.

त्या दिवसापासून मी सापडलो. लग्न झालं का, जन्मापासून असंच का, बायकोला तरी ऐकू येतं का, सगळं विचारून झालं. ऐकणाऱ्या माणसाला असल्या प्रश्नाचं उत्तर हळू आवाजात देता येतं. आमचं उत्तर साऱ्या गाडीला दिसतं. त्यात आप्पांचे हातवारे एवढे मोठे की पुढचे लोक माना वळवून बघत. मग मी माझा शेवटचा उपाय करी, डोळे मिटून घेई. बहिऱ्याने डोळे मिटले की बोलणं संपलं, हे कुणालाही कळावं. आप्पा कोपराने ढोसून मला उठवत. "पाव्हणं, झोपू नका. मंगळवारची खूण अजून जमंना मला." मिशीआडून एवढंच वाचता येई. मी काही त्यांच्या पाटीवर गिरवायचं अक्षर नव्हतो, पण हे सांगणार कसं?

एकदा न्हावरे आलं तेव्हा त्यांनी माझी दोन्ही मनगटं धरली. आमच्याकडे पाहुण्याला चहाला न्यायचं तर असंच नेतात. पाहुणा नको नको म्हणतो आणि ओढत नेणारा ओढत राहतो, त्यात दोघांनाही बरं वाटतं. पण मला 'नको' म्हणायला हातच लागतात, आणि तेच त्यांच्या मुठीत होते. मी हिसके दिले, त्यांना तो संकोच वाटला. कंडक्टर हसत होता. शेवटी मी ओरडलो. माझा आवाज कसा येतो मला ठाऊक नाही, म्हणून चारचौघांत मी तो काढत नाही. सगळी गाडी माझ्याकडे बघत होती.

आप्पांनी हात सोडले. मी मोबाईलवर लिहिलं, 'माझे हात म्हणजे माझं तोंड. ते धरू नका. समोरून या, वेळ आहे का विचारा, नाही म्हटलं तर जाऊ द्या.' त्यांनी ते ओठ हलवत वाचलं, पाटी उचलली आणि उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी आप्पा आले ते मिशी कातरून. माझ्यासमोर दोन हात अंतरावर उभे राहिले, मनगटावर अंगठा टेकवला आणि भुवया उंचावल्या. वेळ आहे? मी 'नाही' म्हणालो. खरं तर वेळच वेळ होता, पण मला बघायचं होतं. त्यांनी मान डोलावली आणि मागच्या सीटवर जाऊन बसले. रुसले नाहीत की कुणाला माझी तक्रार सांगितली नाही. रोज विचारत, रोज मागे जाऊन बसत. माझं 'नाही' इतक्या सरळपणे कुणी घेतलं नव्हतं.

शेवटी मीच उठून त्यांच्याशेजारी जाऊन बसलो आणि विचारलं, कशासाठी शिकता हे?

आता त्यांचे ओठ स्वच्छ दिसत होते. "नात हाय माझी, ईश्वरी. तुमच्यावानीच हाय. परवा हातानं सांगती, मोठी झाले की मला ऐकू येणार. का, तर मोठ्या मानसांना समद्यांनाच येतं की. तिनं मोठा बहिरा मानूस बघितलाच न्हाई, पाव्हणं. म्हणून तुम्हाला घरी न्यायला बघत व्हतो."

कान परत येतील म्हणून मीही किती वर्षं वाट बघितली होती.

त्या रविवारी मी न्हावऱ्याला गेलो. ईश्वरीने माझं घड्याळ बघितलं, खिशाला लावलेलं कंपनीचं ओळखपत्र बघितलं, मग माझ्या कानाकडे बोट केलं. नाही, मी सांगितलं. कधी येणार? कधीच नाही. मी मोठा झालो, नोकरी करतो, मला मुलगा आहे, आणि ऐकू येत नाही. मला वाटलं, आता ती रडेल. ती उठली, आईला पदर धरून बाहेर घेऊन आली आणि आधी माझ्याकडे, मग स्वतःकडे बोट दाखवलं. आप्पा गोठ्याकडे तोंड करून डोळे पुसत होते.

पुढे गाडीत कुणी नवशिका माझ्याशी खुणा करायला आला की आप्पा त्याला बजावत, "आधी इचार. न्हाई म्हनले तर गप माघारी फिर." यंदाच्या थंडीत छातीत कळ येऊन आप्पा गेले. अजून मी गाडीत चढलो की आधी मागच्या सीटकडे बघतो.

परवा शिरूरच्या स्टँडवर मी दमून, डोळे मिटून बाकावर बसलो होतो. उघडले तर समोर दोन हात अंतरावर ईश्वरी उभी. मागे तिची आई पिशवी घेऊन. पोर केव्हाची उभी होती कोण जाणे, मला हात मात्र लावला नव्हता. तिची सगळी बोटं शाबूत आहेत. तरी तिने मनगटावर अंगठा टेकवला आणि भुवया उंचावल्या.

माझी गाडी लागली होती, लोक चढत होते. मी 'आहे' म्हणालो.