पेनिनाच्या नावाने

माझी धाकटी बहीण पेनिना ऑकलंडला ऑफिसांची साफसफाई करते. बावीस वर्षं दर पंधरवड्याला तिने इकडे सामोआत, आम्हाला पैसे पाठवले. माझं कॉलेज, आईच्या घराचं छप्पर, दोन भावांची लग्नं, सगळं तिच्या घामाचं. ती स्वतः ओल धरलेल्या भाड्याच्या घरात राहते. तिच्या मुलाला दमा जडलाय.

म्हणून तिने घरासाठी कर्ज मागितलं. बँकेतला माणूस कागद चाळत म्हणाला, "गावी पैसे पाठवायची ही हौस सहा महिने बंद करा, मग या." हौस! ज्या न्यूझीलंडवाल्यांनी आमच्या बेटांवर राज्य केलं, मग कारखान्यांना हात हवेत म्हणून आम्हाला बोलावून घेतलं, ते आम्हाला हौस शिकवणार!

तिने बंद केलं. पाचव्या महिन्यात आत्या गेली. आमच्याकडे मयताला कोणी किती दिलं ते नावानिशी पुकारतात. घराण्याचे प्रमुख तौआसा काका मला म्हणाले, "पेनिना जिवंत आहे ना? की तिचंही आजच उरकायचं?" माणसं हसली. आईने मान खाली घातली.

मला राहवेना. शिक्षकांच्या पतपेढीतून तीन हजार टाला उचलले आणि पेनिनाच्या नावाने दिले. नाव पुकारलं तशी आई ताठ बसली. भाचीने ते मोबाइलवर टिपून हौसेने पेनिनाला पाठवलं. लगेच तिचा फोन.

"ताई, कुणी दिले?"

"मी. पतपेढीतून उचलले. तू गप्प राहा."

"तू कर्ज काढायचं आणि मी घर घ्यायचं?"

"अगं, एकच महिना राहिलाय!"

"तुझी लेक कॉलेजात जायचीय. उद्या तिला काय तोंड दाखवू?"

त्याच दिवशी तिने मला तेवढे पैसे पाठवले. बँक म्हणाली, पुन्हा सहा महिने.

चूक माझी, मान्य. पण 'तुमच्या चालीरीतींनीच तुम्हाला बुडवलं' असं कुणी म्हणालं की अंगाचा तिळपापड होतो. बावीस वर्षं फरशा पुसूनही साधं घर होऊ नये, असा पगार काय आमच्या चालीरीतींनी ठरवला?

रविवारी प्रार्थनेनंतर मी उभी राहिले. "मयताचे ते पैसे माझे होते. पेनिना सहा महिने कुणालाही काही देणार नाही."

"खाली बस," आई पुटपुटली.

काका म्हणाले, "चार बुकं शिकलीस म्हणून आम्हाला सांगतेस?"

"ती बुकं तिच्या पैशाची होती, काका. माझ्या लेकीने तिच्यासारखं झिजावं, हे मी होऊ देणार नाही. टोमणे मारायचेत ना? माझ्या दारात या."

आई माझ्याशी बोलत नाही. पण पहिला महिना पार पडलाय.