सुगंधाबाईची दुसरी ओळ

सावली नावाच्या मोठ्या गावाच्या अलीकडे धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या शेतांमध्ये, एक लहानसं गाव आहे. त्या गावात सुगंधाबाई राहायची. रोवण्यात, म्हणजे भाताच्या लावणीत, तिचा हात धरील अशी बाई आसपास नव्हती. धानाचं रोप, ज्याला इकडे परे म्हणतात, त्याची पेंढी डाव्या हातात घेऊन ती एकदा चिखलात वाकली की बांधी संपेपर्यंत कंबर सरळ करायची नाही. डावीकडून उजवीकडे रोवत जायची. टोकाला पोचली की एक पाऊल मागे सरकायची आणि तिथूनच उजवीकडून डावीकडे रोवत यायची. हात रिकामा परत न्यायचा नाही, हे सासूनं तिला पहिल्याच पावसाळ्यात शिकवलं होतं.

शेजारच्या पट्ट्यात नेहमी भागीरथा असायची. दोघी एकाच साली सुना होऊन गावात आल्या होत्या. टोकाला दोघींचे हात एकमेकींना लागायचे. मग भागीरथा म्हणायची, "काय व सुगंधा, मायावाल्या पट्ट्यात घुसून राह्यली का?"

"तुयावाला पट्टा म्हणजे वाकडी वाट. मी त सरळच हावो."

अशी त्यांची सगळी उमर गेली. पुढे भागीरथाच्या मुलानं वैनगंगेपलीकडे, चामोर्शीच्या बाजूला जमीन केली आणि तो आईला घेऊन गेला. नदी तशी जवळच. पण म्हातारीला कोण नेणार आणि कोण आणणार? नदीपलीकडच्या जत्रेहून आलेल्या माणसाकडून कधी तरी कळायचं, भागीरथा बरी आहे म्हणून. तेवढ्यावर सुगंधाबाई वर्ष काढायची. मग तिचे गुडघे धरले आणि रोवणाही सुटला. ओसरीवर बसून ती दुसऱ्यांच्या बांध्या बघू लागली.

स्वराज्य येऊन दहाएक वर्षं झाली असतील. गावच्या शाळेतल्या गुणवंतराव मास्तरांनी मोठ्या माणसांसाठी लिहिण्या-वाचण्याचा वर्ग काढला. वर्ग दुपारचा, धान कापून झाल्यावर, शाळेच्या पडवीत. तरणी माणसं कामावर असायची, म्हणून म्हातारीच जास्त आली. सुगंधाबाई पाटी घेऊन निघाली तेव्हा सून इंदू चुलीपुढून म्हणाली, "आत्या, आता कलेक्टर होता का जी?"

"झाली त पह्यली तुयीच बदली करतो," सुगंधाबाई म्हणाली आणि निघाली.

अक्षरं तिला भराभर आली असं नाही. 'क' आणि 'फ' पुष्कळ दिवस तिला चकवत होते. मास्तर मात्र कधी चिडले नाहीत. पाटी लहान, अक्षरं मोठी, एका वेळी एकच शब्द मावायचा. तो पुसायचा की दुसरा. पौषात ती आपलं नाव लिहू लागली. त्या दिवशी तिनं ती पाटी तशीच घरी नेली आणि दिव्याच्या कोनाड्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी वर्गात तिच्याकडे पाटीच नव्हती.

मग एक दिवस मास्तर म्हणाले, "येत्या सोमवारच्या पुढच्या सोमवारी आपण सगळे मार्कंड्याला जाऊ. देवळं पाहू, नदीकाठी जेवू. म्हाताऱ्या माणसांनी घराबाहेर पडू नये असं कुठं लिहिलंय?"

मार्कंडा नदीच्या पलीकडच्या काठावर. भागीरथाचं गाव तिथून कोसभर. वर्ग सुटल्यावर सुगंधाबाई मागे थांबली. तिनं मास्तरांकडून एक कार्ड मागून घेतलं. मास्तरांनी त्यावर पत्ता आणि पाठवणारीचं नाव लिहून दिलं आणि म्हणाले, "मजकूर लिहा बाई, टाकायच्या आधी मला दाखवा."

पण तिनं दाखवलं नाही. मास्तर दुरुस्त करतील, मग ते पत्र मास्तरांचं होईल, असं तिला वाटलं. ओसरीवर बसून दुपारभर खपून तिनं दोन ओळी लिहिल्या. पहिलीत भागीरथाले राम राम. दुसरीत सोमवारी मार्कंड्याले येतो, तूई ये. कार्ड तिनं शाळेच्या भिंतीवरच्या टपालपेटीत स्वतःच्या हातानं टाकलं.

सहलीच्या दोन-तीन दिवस आधी मास्तरांनी पहिल्यांदाच सगळ्यांना पाटीऐवजी कागद दिले आणि फळ्यावरच्या दोन ओळी उतरवायला सांगितल्या. ते फिरत फिरत सुगंधाबाईपाशी आले आणि थांबले. पहिली ओळ छान होती. दुसरी पहिलीच्या शेवटाखालून सुरू होऊन उलटी, डावीकडे आली होती. अक्षर न् अक्षर बरोबर, फक्त क्रम उलटा.

"बाई, ही ओळ इकडून का सुरू केली?"

"हात तिथीच होता ना गुरुजी. रिकामा परत काऊन नेऊ?"

मास्तर आधी हसले. मग त्यांनी बाकीच्यांचे कागद पाहिले. रोवणाऱ्या आणखी एका बाईनं तसंच केलं होतं. इतवारी म्हातारा म्हणाला, "मीई तसाच लिवलो असतो गुरुजी, पण मले दुसरी ओळ आलीच नाई." सगळा वर्ग हसला.

सुगंधाबाई हसली नाही. तिचं तोंड उतरलं. "गुरुजी," ती म्हणाली, "मंग मायं कार्ड?"

मास्तरांच्या लक्षात आलं. भागीरथाला वाचता येत नव्हतं. पोस्टमन वाचून दाखवणार, आणि त्याला सोमवार नाही की मार्कंडा नाही, काहीच सापडणार नव्हतं. दुसरं कार्ड टाकावं तर टपाल मूल गावावरून फिरत जाणार, आठवडा लागणार. तोवर सहल होऊन गेली असती.

सुगंधाबाईनं कागद बाजूला सारला. "मी येत नाई," ती म्हणाली. "मले काई लिवता येत नाई."

मास्तर तिच्यासमोर जमिनीवर बसले. "बाई, बांधीत हात रिकामा कधीच परत येत नाही?"

"परे सरले का येते. नवी पेंढी घ्याले जावं लागते."

"मग इथं ओळ सरली की पेंढी सरली असं समजा. नवी पेंढी डाव्या बांधावर ठेवलीय. ती घ्यायला जायचं, आणि तिथून रोवत यायचं."

तिनं कागदाच्या डाव्या कडेवर डाव्या हाताचं बोट ठेवलं आणि दुसरी ओळ तिथून लिहिली. ती बरोबर आली.

सोमवारी पहाटे बैलबंड्या निघाल्या. सुगंधाबाई आली होती. मास्तर स्वतः घरी जाऊन तिला घेऊन आले होते. इंदूनं लाखोरीच्या डाळीचे वडे बांधून दिले आणि बंडीत गवत जास्तीचं पसरलं, सासूच्या गुडघ्यांसाठी. वाटेत बाकीचे गात होते.

वैनगंगेचं पाणी उतरलं होतं. ढिवराच्या डोंग्यात, म्हणजे कोळ्याच्या होडीत, बसल्यावर इतवारी म्हातारा देवाचं नाव घेत दोन्ही कडा घट्ट धरून बसला. सुगंधाबाईची नजर पलीकडच्या काठावर होती. वाळू, पायऱ्या, वर देवळांचे काळे दगड. माणसं होती, पण लांबून सगळी सारखीच.

मग एक वाकलेली बाई वाळूत पुढे आली आणि ओरडली, "काय व, मायावाल्या काठावर येऊन राह्यली का?"

डोंगा टेकायच्या आधीच सुगंधाबाई उठली. ढिवरानं तिला धरलं म्हणून बरं. दोघी वाळूत बसल्या, एकमेकींचे हात धरून.

"तुले कसं समजलं व?" सुगंधाबाईनं विचारलं. "मायी ओळ त उलटी गेली होती."

"पोस्टमन म्हणे, आजी, राम राम हाये, बाकी काईच्या काई हाये. मी म्हटलं, लिवणारीन कोन? तो म्हणे, सुगंधा. मंग मी म्हटलं, बापा, दुसरी ओळ तिकून वाच. ते बाई हात रिकामा परत नेत नाई."

मास्तर जवळच उभे होते. त्यांनी डोळे पुसले आणि देवळाकडे बघायला लागले. वडे सोडले गेले. इतवारीनं तीन खाल्ले आणि देऊळ वाढलंय की आपण खचलोय, असं विचारत फिरला. सुगंधाबाईनं ओल्या वाळूत बोटानं 'भा' काढून दाखवला. भागीरथा त्यावरून हळूच बोट फिरवत राहिली.

ऊन कलल्यावर मास्तरांनी हाक दिली. भागीरथानं विचारलं, "आता कसं लिवशीन?"

"सरळ. गुरुजीनं शिकवलं."

"सरळ लिवशीन त मले कसं समजन का तुयंच हाये?"

डोंग्यात सुगंधाबाई मास्तरांच्या शेजारी बसली. नदी अर्धी ओलांडल्यावर ती हळूच म्हणाली, "गुरुजी, तुमचे लय उपकार झाले. बाकी समद्यायले मी पेंढी घेऊनच लिवीन. एकीले तेवढं तिकून..."

"लिवा बाई," मास्तर म्हणाले. ते एरवी तसं बोलत नसत.