पेपरात नाव नव्हतं

आमच्या बाबांच्या पुण्यानुमोदनाला त्यांचा एकही मित्र आला नाही.

हॉल भरलेला होता बरं का. दादाच्या ऑफिसचे लोक, टॉवरमधले शेजारी, वहिनीचा योगा ग्रुप. सगळे पांढऱ्या कपड्यांत, सगळ्यांचे फोन सायलेंटवर.

भन्तेजींनी वंदना घेतली. मग गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द बोलायची वेळ आली आणि माईक घ्यायला कुणी उठेना.

बाबांना ओळखणारं तिथं कुणी नव्हतंच.

आज वर्ष झालं. वर्षभर गप्प बसले, आता बसणार नाही. दादा, तू हे वाचणार आहेसच. वाच.

कारखान्यातून रिटायर झाल्यापासून बाबा रोज सकाळी विश्रांतवाडीत विहाराशेजारच्या वाचनालयात जायचे. पाच-सहा म्हातारे. पेपर आला की पानं सुटी करून वाटून घ्यायचे. अग्रलेखावरून भांडायचे, चहा मागवायचे, पुन्हा भांडायचे.

आणि निधनवार्ता बाबा मोठ्याने वाचून दाखवायचे. कोण गेलं, पुण्यानुमोदन कुठं, किती वाजता. ओळखीचं कुणी निघालं की सगळे मिळून एकाच बसने जायचे.

मी एकदा चिडवलं होतं, "सकाळी सकाळी मेलेल्यांची नावं काय वाचता, बाबा?"

"अगं, पूर्वी आपली माणसं गेली तर कोण छापायचं? आता छापून येतं. मग वाचायला नको?"

त्यानंतर मी कधी चिडवलं नाही.

आई गेल्यावर दादाने त्यांना हडपसरला आपल्या टॉवरमध्ये नेलं. नेलं ते चांगलंच केलं. पुण्यात कंपन्या आल्या आणि कामगाराचा पोरगा काचेच्या बिल्डिंगमध्ये बसायला लागला, याचं कौतुक सगळ्यात जास्त बाबांनाच होतं.

पण आठवड्याभरात पेपर बंद. का? तर रद्दी साठते, धूळ होते, आणि "तोच मजकूर ॲपवर असतो, बाबा." हातात टॅब दिला.

तोच मजकूर म्हणे!

बाबा मला फोनवर सांगायचे, "काल गुडघेदुखीचं एक वाचलं. आज उघडलं तर गुडघेच गुडघे. देशात दुसरं काही घडलंच नाही बहुतेक."

"मग दादाला सांगा ना."

"सांगितलं. म्हणतो, सेटिंग बदला. म्हटलं, पेपरला सेटिंग नव्हतं रे."

शेवटचा महिना आजारपणात गेला. आणि मग बाबा गेले. मी नाशिकहून पोचले तेव्हा दादा फोनमध्ये मान घालून बसला होता. मी आधी तेच विचारलं, "पेपरात दिलंस का? वाचनालयातल्या काकांना कसं कळणार?"

"दिलंय. पुण्यानुमोदनाची वेळ, पत्ता, फोटो, सगळं. हे बघ, आलंपण."

त्याने स्क्रीन पुढे केली. वर पेपरचं नाव होतं. खाली बाबांचा फोटो, दोन्ही बाजूंना मेणबत्त्यांच्या ज्योती हलत होत्या. मला वाटलं, झालं काम. हॉलमध्ये पहिली रांग मी काकांसाठी राखून ठेवली.

ती शेवटपर्यंत रिकामी राहिली.

लोक पांगल्यावर मी दादाला धरलं. तेव्हा कळलं, ते फक्त पेपरच्या वेबसाइटवर होतं. छापलेल्या अंकात एक ओळ नव्हती.

"ऑनलाइनला रीच जास्त असतो," म्हणाला.

रीच! मला त्या क्षणी त्याचा फोन खिडकीतून फेकून द्यावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी मी विश्रांतवाडीला निघणारच होते, तेवढ्यात गेटवरून सिक्युरिटीचा फोन. "मॅडम, एक अंकल आये हैं. इनके पास स्मार्टफोन नहीं है, ॲप में एंट्री कैसे करूँ?"

साळवे काका होते. वाचनालयातले, बाबांचे सगळ्यात जुने दोस्त. दोन बस बदलून आले होते. काखेत वाचनालयातल्या जुन्या पेपरांचा गठ्ठा. दादाने पेपर बंद केल्यापासून महिन्यातून एकदा ते बाबांना असा गठ्ठा आणून द्यायचे.

दारात चपला काढता काढता म्हणाले, "कुठाय तुझा बाप? उठला नाही का अजून?"

मी सांगितलं.

"नाही गं," काका म्हणाले. अगदी समजुतीच्या आवाजात, माझीच काहीतरी चूक होत असल्यासारखं. "त्याला बरं नाही म्हणून आम्ही रोज आधी तेच पान बघतो. नाव नसलं की म्हणतो, आहे आपला माणूस. मग चहा घेतो. कालही बघितलं. नाव नव्हतं."

"ऑनलाइन होतं, काका."

"म्हणजे कुठं?"

मला रडू फुटलं.

दादा आतून पाणी घेऊन आला. काकांनी ग्लासकडे बघितलं नाही. "मी बोलणार होतो त्याच्याबद्दल," म्हणाले. "आमचं ठरलं होतं. जो मागे राहील त्याने बोलायचं. आता कुणापुढं बोलू?"

मग गठ्ठा पुन्हा काखेत घेतला.

"हा ठेवत नाही. तुमच्याकडं ऑनलाइन असतं."

लिफ्टपर्यंत मी मागे गेले. त्यांनी वळून बघितलं नाही.

तेव्हा कमेंटमध्ये हात जोडलेले इमोजी टाकू नका. "ताई, प्रिंट संपलं, मूव्ह ऑन" म्हणणाऱ्यांनी तर इकडे फिरकूच नका, सरळ ब्लॉक करीन.

बाबा, तुमच्या दोस्तांनी पाठ फिरवली नाही. ते रोज तुमचं नाव शोधत होते आणि नाही म्हणून खूश होत होते.

जयभीम, बाबा.