विमानाचा रेग्युलेटर आज एकट्यानं निवडला

मित्रहो, मी घरीच बांधत असलेल्या विमानाच्या रोटरी इंजिनासाठी आज सकाळी अकोल्याहून रेग्युलेटर आणला. पेट्रोलचा दाब तोच सांभाळतो.

दुकानदारानं दोन प्रकार पुढे ठेवले. "कोन्त्या गाडीले लावता, काका?"

"विमानाले."

तो हसला नाही. म्हणाला, "मंग संगं काम करनारा कोनी जोडीदार असन त त्याले इचारून घ्या. हवेत बंद पडलं त काय करसान?"

जोडीदार होता युसूफ. साठच्या दशकात अचलपूरला त्याच्या लेथच्या दुकानात आम्ही दोघांनी एक विमान बांधायला घेतलं होतं. उन्हाळ्यात नळीतच पेट्रोलची वाफ व्हायची आणि इंजिन बंद पडायचं. युसूफ म्हणायचा, "अबे, पेट्रोल नळीत उभं काहून ठेवून राहिला? उरलेलं टाकीत परत जाऊ दे!" ते विमान काही उडालं नाही. मागच्या रमजानात युसूफ वारला.

मी उरलेलं पेट्रोल टाकीत परत पाठवणाराच रेग्युलेटर घेतला. दुपारी बसवून इंजिन चालू केलं. भर उन्हातही इंजिन चालत राहिलं, दाबाचा काटा ठरल्या आकड्यावरून हलला नाही.

"युसूफ, पाह्य बे!" मी ओरडलो. शेडमध्ये मी एकटाच होतो.

तुमचं एखादं काम जमलं, की तुम्ही आता कोणाला सांगता?