कटलेटावर लागलेली नोकरी

महाबळेश्वरच्या एका हॉटेलात सीझनच्या दोन महिन्यांसाठी कॉलेजची मुलंमुली पाहिजेत, असा निरोप चुलतबहिणीच्या मोबाइलवर आला होता. ती कॉलेजात होती, मी नव्हते. आजोबांना अर्धांगवायू झाला तेव्हा त्यांच्याजवळ दिवसभर बसायला कुणीतरी पाहिजे म्हणून मला दहावीतून काढलं. ते साडेतीन वर्षं जगले. तोवर वर्गातल्या मुली कॉलेजला गेल्या आणि मला बघायला पाहुणे यायचं ठरलं. येत्या रविवारी. मुलाचा फोटो मी बघितला होता. फोटोतसुद्धा तो कुणावर तरी चिडलेला होता.

"लागली नोकरी तर ऱ्हा दोन म्हयनं," आई म्हणाली. "न्हाई लागली तर शनवारच्या आत घरात पायजेस. पावण्यांम्होरं माझं नाक कापू नगंस."

नोकरी लागणार नाही याची तिला खात्री होती, म्हणूनच तिनं सोडलं.

सांगलीहून सातारा आणि तिथून मेढ्याच्या घाटानं वर. शुक्रवारी सकाळी मी हॉटेलच्या मॅनेजरसमोर उभी होते. हा माणूस फौजेतून निवृत्त झालेला, साताऱ्याकडचा. सगळे त्याला सुभेदार म्हणायचे.

"शिक्षण?"

"बारावी."

"विषय कुठले?"

 मला एकही विषय आठवेना. तो हसला. "ठीक आहे, बारावी. बस तिकडं."

तेव्हापासून हॉटेलात माझं नाव बारावी.

जागा एकच उरली होती आणि आम्ही दोघी. दुसरी मुलगी साताऱ्याची, हॉटेलच्या कोर्सला दुसऱ्या वर्षाला. हा सीझन केल्याचा दाखला मिळाला नाही तर तिचं वर्ष अडकणार होतं. तिनं ते मला पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. मी गाव सांगितलं, जैन असल्याचं सांगितलं, पाहुण्यांचं सांगितलं नाही. सुभेदार म्हणाले, "दोघींनी मिळून दुपारचं जेवण वाढा. एक राहील, एक चारच्या गाडीनं खाली जाईल. ऑर्डर इज ऑर्डर."

मला काहीच येत नव्हतं. मी ताट उचललं की अंगठा आमटीत. "अगं, अंगठा!" ती हळूच म्हणायची, सुभेदारांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं. पाणी कुठल्या बाजूनं ओतायचं, ऑर्डर परत वाचून कशी दाखवायची, तिनंच शिकवलं. मी मनातल्या मनात तिच्या पाया पडत होते.

एक वाजता आठ जणांचं कुटुंब आलं, गुजरातकडचं. "जैन खाना, हां," म्हातारे आजोबा म्हणाले. "कांदा-लसूण बिलकुल नहीं." शेजारी त्यांची बायको, पांढऱ्या साडीत. तिचं एकासन होतं, म्हणजे दिवसातून एकदाच, एका बैठकीत जेवायचं. उठलं की त्या दिवसाचं जेवण संपलं.

ऑर्डर त्या मुलीनं लिहिली. कटलेटपाशी ती थांबली आणि माझ्याकडं वळली.

"तू जैन आहेस ना गं? कांदा-लसूण नको, ते कळलं. बटाटा चालतो का?"

"चालतो की," मी म्हटलं. "आम्ही रोज खातो."

आणि ते खरं होतं. आमच्याकडं शेतकरी जैन. चातुर्मासात बंद, बाकी वर्षभर आमच्या घरात कांदाही चालतो आणि बटाट्याची भाजी तर लग्नातसुद्धा असते. सगळे जैन आमच्यासारखेच जेवत असतील असं मला वाटत होतं. जमिनीखाली उगवणारं काहीच न खाणारा, सांगलीच्या पलीकडचा जैन मी तोवर पाहिलाच नव्हता.

म्हातारीनं एक कटलेट पूर्ण खाल्लं. दुसरं मोडलं आणि आतला पांढरा गर बोटानं दाबून बघितला. मग पदरानं तोंड झाकून ती उठली. कुठंतरी जाऊन चूळ भरल्याचा, पुन्हा पुन्हा भरल्याचा आवाज येत राहिला. ती उठली, म्हणजे उद्यापर्यंत उपाशी, एवढं मात्र मला कळत होतं.

आजोबांनी ताट सरकवलं. सुभेदार धावत आले. ऑर्डरचा कागद उचलून म्हणाले, "हे अक्षर कुणाचं?"

"माझं, सर," ती म्हणाली. "पण मी हिला विचारलं होतं. हिनंच सांगितलं, चालतो म्हणून."

सगळं टेबल माझ्याकडं बघायला लागलं. मला रविवार दिसला. दिवाणावर ओळीनं बसलेले पाहुणे, हातात पोह्यांचा ट्रे घेतलेली मी.

"सर, मी स्वतः जैन आहे," मी म्हटलं. "मी असं सांगेन का?"

आजोबांनी आडनाव विचारलं. माझ्या आडनावावरून काही कळत नाही, गावात तेच आडनाव सगळ्या जातींत आहे. ते साशंक दिसले. "नवकार आता है?"

मी हात जोडले आणि तो मंत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटला. अडखळले नाही. माझ्या आजोबांजवळ बसून मी रोज म्हणत होते, साडेतीन वर्षं. चूळ भरून परत आलेली म्हातारी ऐकत उभी राहिली आणि तिनं माझा हात धरला. तिचा हात ओला होता.

"ये बच्ची झूठ नहीं बोलेगी," ती म्हणाली.

साताऱ्याची मुलगी रडायला लागली. तिथंच, पाहुण्यांसमोर, हुंदके देऊन. सुभेदारांनी तिला बाहेर नेलं. चारच्या गाडीला तिनं बॅग उचलली तेव्हा मी गॅलरीतच होते. तिनं विचारलं, "का गं?" मी नॅपकिनांच्या घड्या घालत राहिले. चांगल्या बसत होत्या, तिनंच शिकवल्या होत्या.

ती गेल्यावर सुभेदारांनी बोलावलं.

"बारावी, तूच सांगितलंस तिला. बरोबर ना?"

 मी मान खाली घातली.

"मला काय, खरं कोण बोललं हे उकरत बसणारा माणूस मी न्हाई," ते म्हणाले. "पण ती गिऱ्हाइकापुढं रडली आणि तू उभी राहिलीस. मला तसंच माणूस पायजे. ठेव पिशवी आत."

मी त्यांच्या पाया पडले. अजूनही त्यांचे उपकार मानते. त्यांनी मला ठेवलं नसतं तर मी आज कुठं असते, हे मला पक्कं माहीत आहे.

पण म्हातारीनं जाता जाता सगळ्या हॉटेलला बजावलं, की ही मुलगी धर्माची पक्की आहे, हिचं सांभाळा. झालं. सुभेदारांनी स्वयंपाकघरात हुकूम काढला: जैन टेबलं बारावी बघणार, आणि बारावी स्वतः पाळते हे गिऱ्हाइकाला दिसलं पाहिजे. कांदा बंद, बटाटा बंद, गाजर बंद, सूर्य मावळला की तोंडात काही नाही. कामगारांचं जेवण दिवे लागल्यावर मिळायचं. आचारी कऱ्हाडकडचा, त्याला फारच मजा वाटायची. "आवं बारावीताई, झणझणीत रस्सा केलाय, वास तरी घ्या की! वासाला धर्म आडवा येतुय व्हय?" सगळे हसायचे. मीही हसायचे. दुपारचं उरलंसुरलं वरण साडेपाचला घाईत खाऊन मी रात्र काढायचे.

नोकरी लागल्याचं मी कळवलं होतं, पण आईनं पाहुण्यांना थांबवलं नव्हतं. त्याच रविवारी संध्याकाळी तिचा फोन आला. ती रडत होती.

"पावणं आलं आनि उठून गेलं. हॉटेलात वाढाय गेलेली पोरगी आमाला नगं म्हनलं. चांगलं बोललं न्हाईत गं. आता तुला कोन करून घील?"

"जाऊ दे आई," मी म्हटलं. आवाज पडलेला ठेवायचा प्रयत्न केला, जमला नाही.

"तुला हसाय येतंय?"

"न्हाई गं."

फोन ठेवला तेव्हा मला कडकडून भूक लागली होती. आनंदानं अशी भूक लागते हे मला माहीत नव्हतं. मी स्वयंपाकघरात पळत गेले. आचाऱ्यानं फोनपायी राहिलेलं माझं ताट हातात धरलं होतं, वर चपात्यांची चळत. त्यानं खिडकीतून दरीकडं बघितलं. सूर्य नुकताच खाली गेला होता, आभाळ अजून लाल होतं.

"द्या की दादा," मी म्हटलं. "दोनच घास."

"छ्या छ्या," तो म्हणाला, "पाप कुनाच्या डोक्यावर?" आणि सगळ्यांकडं बघून डोळा मारत त्यानं ताट आत, फ्रिजात ठेवलं.