कर्नाळ्याचा तथाकथित मखमली कृमी

“कर्नाळ्याच्या पायथ्याशी मखमली कृमी सापडला होता. आमच्या प्रयोगशाळा-सहायकाने मत्सरापोटी बशीचे झाकण उघडे टाकले आणि पनवेलचा शोध नाहीसा झाला.” आमचे माजी विभागप्रमुख हे गेली कित्येक वर्षे प्रत्येक निरोपसमारंभात सांगत आले आहेत. तो सहायक मी. झाकण माझ्याच हातून उघडे राहिले, हे मी तेव्हाही नाकारले नाही. उरलेले सर्व खोटे आहे.

नव्वदच्या सुमारास पनवेलच्या आमच्या महाविद्यालयाच्या नव्या इमारतीचे काम चालू होते. कर्नाळ्याखालच्या वाडीतली एक कातकरी बाई तिथे विटा वाहायला येई. वेगळा किडा दिसला तर आणून द्या, असे सरांनी, म्हणजे या विभागप्रमुखांनी, मजुरांना सांगून ठेवले होते. तिने एका सकाळी त्यांच्या हाती बोटाएवढा, मऊ, काळसर, पुष्कळ पायांचा एक प्राणी दिला आणि सरांनी तिथल्या तिथे निवाडा केला: पेरिपॅटस, म्हणजेच मखमली कृमी.

हा प्राणी प्राणिशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने बरणीत पाहिलेला असतो. कातडी गांडुळासारखी मऊ, पाय मात्र कीटकांसारखे नख्यांचे. म्हणून दोन प्राणिसंघांमधला दुवा समजून तो प्रात्यक्षिक परीक्षेत मांडतात. त्या बरणीतले फॉर्मालिन मी वर्षानुवर्षे बदलत आलो होतो. सर तिच्याकडे परीक्षेपुरते पाहत.

मी म्हणालो की आपल्या देशात हा प्राणी फक्त ईशान्येच्या डोंगरांतून नोंदला गेला आहे, आणि तो आंधळा आहे. याला तर डोळे दिसतात. सरांचे उत्तर असे की सह्याद्रीही त्या प्राचीन दक्षिण भूखंडाचाच तुकडा. आफ्रिकेपासून न्यूझीलंडपर्यंत याचे भाऊबंद पसरलेले, काही अंडी घालणारे, काही पोटात पिल्ले पोसणारे. एखादा डोळस भाऊ इथे निघाला तर नवल काय? युक्तिवाद टाकाऊ नव्हता, हे मी मान्य करतो. एवढ्यात प्राण्याने काचेवर काहीतरी ओकले.

“बघा, शिकार चिकटवण्याचा डिंक,” सर म्हणाले. “आता तरी तोंड बंद ठेवा.”

तो डिंक पांढुरका असतो आणि त्याचे धागे होतात. काचेवर हिरवट पाणी होते. मी भिंग मागितले. सरांनी बोलावलेला वार्ताहर छायाचित्र घेईपर्यंत कोणी हात लावायचा नाही, असा हुकूम झाला. दुपारी बशीत ओला कापूस ठेवताना मी झाकण विसरलो. वार्ताहर आला तेव्हा बशी रिकामी होती.

संध्याकाळी माझ्या हातात नोटीस पडली: सोमवारपर्यंत समाधानकारक खुलासा न दिल्यास सेवेतून कमी करण्यात येईल. घरात मिळवता मी एकटा.

मखमली कृमीच्या अंगभर श्वासाची सूक्ष्म छिद्रे असतात आणि ती त्याला मिटता येत नाहीत. कोरड्या हवेत तो काही तासांत सुकून मरतो. म्हणजे मला एकच गोष्ट विचारायची होती: बाईने तो आणला कसा? ती कामावर यायची थांबली होती. रविवारी मी एस.टी.ने वाडीवर गेलो. ती दारातच आडवी उभी राहिली.

“मी काय धरलाच नाय, सायेब. तुमी दुसऱ्या कुनाला इचारा.”

अभयारण्यातला जीव उचलला तर तुरुंग, असे रखवालदाराने तिच्या मनात भरवले होते. माझी नोकरी जाते आहे, असे मी म्हणालो.

“तुमची नोकरी ऱ्हावी म्हनून मी आत जाऊ?”

तिच्याविषयी एक अक्षर कागदावर येणार नाही, असे मी वचन दिले. मग तिने सांगितले. सोमवारी मी एका ओळीचा खुलासा दिला: झाकण निष्काळजीपणाने उघडे राहिले. नोकरी टिकली, बढती मात्र निवृत्तीपर्यंत मिळाली नाही, आणि सरांनी त्या ओळीचा अर्थ कबुलीजबाब असा लावला. लावू दिला. ती बाई आता हयात नाही. तिला कोणी तुरुंगात घालू शकत नाही.

सरांच्या हाती देण्यापूर्वी तिने तो प्राणी कोरड्या काडेपेटीत घालून, पेटत्या चुलीवरच्या फळीवर तीन दिवस जिवंत ठेवला होता.