आबांचं पाचवं कडवं

मी गाव सोडलं त्या दिवशी मला निरोप द्यायला स्टँडवर कोणी थांबलं नव्हतं, कारण निरोप देणारे सगळे माझ्याच एसटीत बसले होते. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गायन पार्टीचा त्या दिवशी शेजारच्या गावात कार्यक्रम होता. पेटी आबांच्या मांडीवर, ढोलकी मधल्या वाटेत, आणि कंडक्टरची तिच्यावरून कटकट. मी खिडकीशी बसलो होतो, पायाशी नवी बॅग. फाट्यावर गाडी थांबली, पार्टी उतरली. मी पेटी खिडकीतून खाली दिली. आबा म्हणाले, "पोचल्यावर फोन कर. आन् तिथल्या माणसांत बसत जा, एकटा बसू नको." गाडी सुटली. ते सात-आठ जण पांढऱ्या सदऱ्यांत, डोक्यावर सामान घेऊन आडवाटेने निघाले.

तेव्हा मला वाईट वाटलं असेल असं तुम्हांला वाटेल. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. आबा वाजवायचे पेटी, पण तालुक्याच्या कॉलेजात पोरं मला ढोलकीवाल्याचा म्हणायची. चौदा एप्रिलची जयंती आली की आमच्या घरात पंधरा दिवस चाली बसवणं चालायचं आणि मी कोरसात मागे बसून झांज वाजवायचो. मुंबईत मला कोणी ढोलकीवाल्याचा म्हणणार नाही, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

हे मी गावाकडच्या माणसांसाठी लिहितो आहे आणि माझ्यासारखे जे मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीला येऊन स्थिरावले त्यांच्यासाठीही. दोघांनाही मी एकच खोटं सांगितलं आहे.

ज्यांना गायन पार्टी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं. गाणं कोणाचंही असो, त्याच्या शेवटच्या कडव्यात ते रचणाऱ्याचं नाव येतं. गाणाऱ्याने ते म्हणायचंच. वेळ कमी असला, आयोजक घड्याळ दाखवायला लागला की आबा कोरसाकडे वळून सांगायचे, "मधली कडवी गाळा, शेवटचं गाळू नका. दुसऱ्याचं नाव खाऊ नये." एकदा एका गावात वीज गेली, माईक बंद पडला, लोक उठायला लागले, तरी त्यांनी कुठल्याशा दूरच्या गावच्या, कधी न भेटलेल्या माणसाचं नाव असलेलं कडवं घसा ताणून पुरं केलं होतं. मला तेव्हा तो हट्टीपणा वाटला होता.

मुलुंडला मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागलो. अजून तिथेच आहे. सकाळी सहापासून सोसायट्यांच्या बेल वाजवायच्या, उपाशीपोटीचं रक्त घ्यायचं, बाटलीवर नाव लिहायचं. लोक दार उघडून आत ओरडतात, "अगं, ब्लडवाला आला." ढोलकीवाल्याचा होतो, ब्लडवाला झालो. लग्न झालं, बायको रेखा घाटकोपरची, चाळीतून वन रूम किचनमध्ये आलो, पण ब्लडवाला तो ब्लडवालाच.

कवितेच्या कार्यक्रमांना मी जायला लागलो ते यामुळे. एका पेशंट बाई होत्या, माधवीताई. बँकेतून निवृत्त झालेल्या, शिरेपेक्षा माझ्या बोलण्याकडे जास्त लक्ष देणाऱ्या. त्यांचं एक काव्यमंडळ होतं. महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी, संध्याकाळी पाचला, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये. "या की, तुम्हीही लिहीत असाल," त्या म्हणाल्या. तिथे मला पहिल्यांदा कोणीतरी सर म्हणालं.

त्या जगाची थट्टा करायला मला तोंड नाही, पण थोडी करतोच. तीस खुर्च्या, अठ्ठावीस कवी, उरलेले दोन कवींच्या बायका. प्रत्येकाने एकच कविता, तीन मिनिटं, हे सूत्रसंचालक दहा मिनिटं समजावून सांगतो. आपली कविता झाली की कवीला अचानक दुसरा कार्यक्रम आठवतो, पण तो बटाटेवड्यानंतरचा असतो. अंधेरीला कॅफेत होतं ते निराळं. तिथे पोरं फोनमध्ये बघून वाचतात आणि आवडलं तर टाळ्यांऐवजी चुटक्या वाजवतात. मी सगळीकडे गेलो. माझ्या कविता शहरावर असायच्या. त्यात काँक्रीट असायचं, जंगल असायचं आणि मी एकटा असायचो. लोक सभ्य होते. "छान," म्हणायचे आणि चहाकडे बघायचे.

दीड वर्ष हे चाललं. मग एका शनिवारी माधवीताई म्हणाल्या, "तुमच्या गावाकडचं काहीतरी ऐकवा ना, सर." माझ्याकडे गावाकडचं एकच होतं.

आबांचं एक गाणं आहे. आमची अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, आमच्या घरातली शाळेत गेलेली पहिली मुलगी. तिच्यावर ते रचलेलं. आबांना तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं. गाणी तोंडातच जुळायची, तोंडातच राहायची.

पाटी घेऊन लेक निघाली, ऊन पडलं वाटंवर
बाप बघतो बांधावरनं, हात राहिला खुरप्यावर

अशी पाच कडवी. मी चाल काढून टाकली. सावकाश, थांबत थांबत म्हटलं, जसं तिथे म्हणतात. हॉलमधला पंखा ऐकू यायला लागला. चौथं कडवं संपलं आणि मी थांबलो. पाचवं असं होतं:

रायभान म्हणे, लोकहो ऐका, लेक बसली उंबऱ्यावर
माझंच नाव मला दाविलं, तिनं लिहून पाटीवर

रायभान म्हणजे आबा. अक्काने त्यांना अक्षरं शिकवली आणि पहिल्यांदा पाटीवर त्यांचं नाव लिहून दाखवलं. सगळं गाणं त्या दोन ओळींसाठी आहे. त्या मी गाळल्या. विसरलो नव्हतो, घाबरलो नव्हतो. श्वास घ्यायला थांबलो तेवढ्या वेळात मी पक्का विचार केला, की नाव म्हटलं तर हे वडिलांचं होईल आणि न म्हटलं तर माझं. टाळ्या पडल्या. एक गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, "सर, तुम्ही इतके दिवस हे लपवलं होतंत?" मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

पुढे मग काय, घोडं न्हालं गंगेत. मंडळाच्या स्मरणिकेत 'पाटी' माझ्या नावावर छापून आली. शाल मिळाली, नारळ मिळाला, काचेचं स्मृतिचिन्ह मिळालं. कोणीतरी व्हिडिओ काढला, तो फिरत फिरत गावच्या ग्रुपवर गेला. गावातली पोरं मला अंगठे आणि फुलं पाठवायला लागली. आबांकडे तेव्हा साधा फोन होता. मी स्वतःला समजावलं, वडिलांचं ते मुलाचंच. जमीन नाही दिली, गाणं दिलं. अशा समजुती स्वतःला घालायला फार अक्कल लागत नाही.

मग आबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मुंबईत आले. पंधरा दिवस आमच्याकडे होते, काळा चष्मा लावून. नेमका तिसरा शनिवार आला. मी त्यांना नेणार नव्हतो. रेखा म्हणाली, "अरे, ने ना त्यांना. बिचारे घरात बसून कंटाळलेत. स्वतः गाणारा माणूस आहे, त्यांना झकास वाटेल." तिला गाणं कोणाचं ते माहीत नव्हतं. तिलाही मी सांगितलं नव्हतं.

मी ठरवलं होतं, काँक्रीटची एखादी वाचायची आणि बसायचं. पण माझं नाव पुकारल्याबरोबर मागून आवाज आला, "सर, पाटी!" मग दुसरा, तिसरा. माधवीताई म्हणाल्या, "आज तर वडील आलेत, आज पाटीच." आबा तिसऱ्या रांगेत होते. त्यांनी मान वर केली. आपल्या पोराला लोक काहीतरी म्हणायला सांगतायत, एवढंच त्यांना कळलं असावं, कारण ते हसत होते.

मी म्हटलं. पहिल्या ओळीलाच त्यांचा उजवा हात गुडघ्यावर ताल धरायला लागला. मग मी चाल सोडून म्हणतोय हे लक्षात आल्यावर तो थांबत थांबत माझ्यामागे यायला लागला. चौथं कडवं संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी वाजवल्या नाहीत. त्यांचा हात गुडघ्याच्या वर तसाच उचललेला राहिला. गाणं संपलं नव्हतं ना. टाळ्या विरल्या, मी हातातल्या कागदाची घडी केली, आणि मग त्यांनी हात खाली ठेवला.

माधवीताईंनी प्रेमानेच माईक त्यांच्याकडे नेला. म्हणाल्या, "एवढी सुंदर कविता लिहिणाऱ्या मुलाचे वडील आहात. दोन शब्द बोला. तुम्हीही लिहिता का हो काही?"

मी भिंतीकडे पाहत होतो. त्यांनी खरं सांगितलं असतं तर मी तेव्हाच सुटलो असतो.

"न्हाई बाई," आबा म्हणाले. "आमची पार्टी हाय गावाकडं. म्या मागं बसतो, कोरसात."

पुन्हा टाळ्या पडल्या.

रेखाही आमच्याबरोबर आली होती. रिक्षात तीच बोलत होती. परत जायच्या दिवशी मी त्यांना गाडीत बसवून दिलं तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चालीशिवाय बी ऐकतात लोक. बरं झालं." ते टोमणा मारत असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांना टोमणे मारता येत नाहीत.

त्यानंतर मी एकदा धीर केला. बोरिवलीला एका सोसायटीच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता, माझ्या ओळखीचं फारसं कोणी नव्हतं. पाचही कडवी म्हटली, नावासकट. वाटलं, आता कोणीतरी विचारेल आणि मी सांगून टाकीन. विचारलंच. एक तरुण कवी धावत आला. "सर, शेवटी ते रायभान काय आणलंय! लोकगीताचा फील येतो. हा रायभान म्हणजे काय, प्रतीक आहे ना?" मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "हो, म्हणजे, प्रतीकच म्हणा." माझ्या बापाला मी हातात वडा धरून प्रतीक म्हणालो.

यंदा जयंतीच्या आधी अक्काचा फोन आला. ती गावातच अंगणवाडीत आहे. इकडचं तिकडचं झालं आणि मग म्हणाली, "आबा आता पाटीचं शेवटचं कडवं म्हनत न्हाईत. चार झाली की थांबतात. कोरसालाबी सांगून ठेवलंय."

"का?"

"तुझा व्हिडिओ समद्या गावानं बघितलाय. पाचवं म्हटलं तर लोक म्हनतील, पोरानं चोरलं. म्हनून." मग ती म्हणाली, "तुझी लाज झाकायला त्यांनी सवताचं नाव गिळलं, ते त्यांचं ते बघतील. पन ते कडवं एकट्या त्यांचं न्हवतं रे. पाटी माझी होती."

मी गावी गेलो. विहारासमोर मांडव होता, दुपारचे चार वाजले असतील, मिरवणूक निघायची होती. मला पुढच्या खुर्चीवर बसवायला लागले, मुंबईचे कवी म्हणून. मी मागे कोरसात जाऊन बसलो. ठरवून आलो होतो की चौथं झालं की पाचवं आपण उचलायचं, मोठ्याने, आणि मग उभं राहून सांगायचं. आबांनी गाणं धरलं. आवाज थकलाय त्यांचा, पण चाल तीच. चौथं कडवं झालं. त्यांनी पेटीचा भाता सोडला. मी श्वास घेतला. समोर सगळं गाव होतं, ज्यांनी मला फुलं पाठवली ती पोरं होती. माझा आवाज निघाला नाही.

पाचवं कडवं बायकांच्या बाजूने आलं. अक्काने बसल्या जागेवरून धरलं, पेटीशिवाय, ताल नाही, सूर जरा वर. रायभान म्हणे, लोकहो ऐका. आबा पेटीवर हात ठेवून खाली बघत ऐकत होते. तिचं झालं तरी त्यांनी मान वर केली नाही. मांडवात कोणीही माझ्याकडे पाहिलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. कधीपासून माहीत होतं कोण जाणे, आणि तरी त्यांनी मला पुढची खुर्ची दिली होती.

संध्याकाळी जेवताना आबांनी माझ्या ताटात स्वतःच्या हाताने वाढलं.

घर म्हणजे काय, असं आमच्या मंडळात दर दोन महिन्यांनी कोणीतरी कवितेत विचारतं. मी सांगू शकतो. माझं घर आता ती जागा आहे जिथे मी माफी मागण्याआधीच मला माफ करून ठेवलंय, आणि म्हणून तिथे मान वर करून बसता येत नाही. मुलुंडला उलटं आहे. तिथे अजून कोणाला काही माहीत नाही आणि मी सर आहे.

म्हणून हे लिहिलं आणि सगळ्यांत आधी माधवीताईंना पाठवतो आहे, मंडळाच्या ग्रुपवर टाकण्यासाठी. 'पाटी' माझी नाही. ती रायभान यांची आहे, जे माझे वडील आहेत आणि कोरसात बसत नाहीत. परवा तिसरा शनिवार आहे. मी येणार आहे. खुर्ची ठेवली नाहीत तर उभा राहीन.